अनोळखी भागात घर शोधताना गूगल मॅप्स: कितपत भरवसा ठेवावा?

भाड्याच्या जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ तपासायला यासारखं फुकटचं साधन नाही. फक्त ते नीट वापरायला हवं. बहुतेक जण रविवारी दुपारी निवांत बसून अंतर बघतात, आणि तिथेच फसतात. कारण अ‍ॅप आपणहून दाखवतं ती त्या क्षणाची वाहतूक. दिशा काढल्यावर कामाचा वार निवडा, पोहोचण्याची वेळ सकाळी ९ ठेवा, मग संध्याकाळचा परतीचा प्रवास वेगळा काढा. गाडीसाठी उत्तर ‘३० ते ५५ मिनिटं’ असं येतं. त्यातला मोठा आकडाच धरा. संगणकावर ‘नेहमीची वाहतूक’ हा पर्यायही मिळतो. वार आणि तास बदलून कोणता रस्ता कधी लाल होतो ते कळतं.

स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्यावरून काढलेल्या फोटोंच्या दृश्यात, आधी फोटोची तारीख बघा. चार वर्षांपूर्वीचं मोकळं मैदान आज बांधकामाची जागा असू शकतं. जुन्या तारखांचे फोटो उपलब्ध असतील तर तेही चाळा, परिसर सुधारतोय की उतरणीला लागलाय याचा अंदाज येतो. जमिनीचे चढ-उतार दाखवणारा भूप्रदेशाचा (टेरेन) थर लावून घर सखल भागात आहे का तेही पाहा; पुराची खात्री मात्र स्थानिक प्रशासनाच्या नकाशावरच करावी.

आवाज, वास, पाण्याचा दाब, रात्रीचा उजेड यांबाबत अ‍ॅप मुकंच. सोसायट्यांना मिळालेले तारेही फारसे मोजू नयेत. परीक्षणं ‘नवीन आधी’ लावून फक्त तक्रारी वाचाव्यात.