आर्नल्ड बॅक्सच्या सात सिम्फन्या: आठ महिने ऐकल्यावर

इंग्लिश संगीतकार बॅक्सच्या सिम्फन्यांचा, कंडक्टर व्हर्नन हँडली आणि बीबीसी फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने वाजवलेला हा सीडींचा संच (शँडॉस कंपनी, २००३) घेऊन आठ महिने झाले. पहिले दोन महिने काहीच हाती लागलं नाही. एक सुरावट मनात रुजतेय तोवर दुसरी तिच्यावर चढायची. क्रमाने एक ते सात ऐकत गेलो, ही चूक झाली.

मग फक्त तिसरी धरली. १९२८-२९च्या हिवाळ्यात बॅक्सने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या मोरार गावी, तिथल्या हॉटेलात राहून तिच्यावर काम केलं. सुरुवातीला एकटा बासून, म्हणजे खर्जातलं फुंकवाद्य, मध्येच वाट शोधत थबकल्यासारखा. पुढे वादळ वाढत जातं आणि ऐन कळसाला ऐरणीवर एकच घाव पडतो. तो घाव कधी येणार हे पाठ झाल्यावरही दर वेळी मी श्वास धरून बसतो. पण खरी कमाई शेवटच्या भागातला उपसंहार. सगळी झुंज संपल्यावर एक संथ, सारख्या पावलांची चाल सुरू होते, आणि आधीच्या गोंधळात काय शोधलं जात होतं ते तिथे कळतं. हे कळायला मला बाराएक वेळा ऐकावं लागलं.

हँडली रेंगाळत नाही. वळणं सुंदर असली तरी चाल सोडत नाही, म्हणूनच एवढ्या दाट संगीताचा सांगाडा ऐकू येतो.

सहावी (१९३४-३५) आता तिसरीइतकीच जवळची झाली आहे. तिच्या शेवटच्या भागाच्या तोंडाशी क्लॅरिनेट एकट्याने बोलतो, तेव्हा घरातला पंखासुद्धा बंद करावासा वाटतो. फिनलंडचा संगीतकार सिबेलियसला अर्पण केलेली पाचवी बांधणीला घट्ट. चौथी मात्र मला अजून नुसतीच भरजरी वाटते.

प्रवासात हेडफोनवर ऐकू नका. मंद्रातले हळुवार तुकडे रस्त्याच्या आवाजात बुडतात, म्हणून आवाज वाढवावा तर पुढची ब्रास (पितळी फुंकवाद्यं) कानठळ्या बसवते. रात्री, घरी, स्पीकरवर ऐका. एका बैठकीत एकच सिम्फनी. प्रत्येकीचे भाग तीनच आहेत.

पाचव्या सीडीवर हँडलीची मुलाखत आहे, ती तिसरी ऐकून झाल्यावर लावा. दुसरी सिम्फनी मला अजून उघडलेली नाही. कंडक्टर कुसेविट्झ्कीने १९२९मध्ये बॉस्टनला ती पहिल्यांदा सादर केली होती. या महिन्यात रोज रात्री तीच लावतो आहे.