ऊतिविशिष्ट जनुकं मोजायची आहेत: टीस्पेक्स, टिश्यूएनरिच की रोकू?

ऊतिविशिष्ट जनुक म्हणजे एका किंवा मोजक्याच ऊतींत चालणारं जनुक, आणि वरची तीन नावं अशी जनुकं ओळखणाऱ्या साधनांची आहेत. हातात काय आहे यावर निम्मा निर्णय ठरतो. तुमच्याकडे आकड्यांचा तक्ता असेल, म्हणजे ओळींत जनुकं, रकान्यांत ऊती आणि प्रत्येक चौकोनात टीपीएम (नमुन्यातल्या दर दहा लाख आरएनए-प्रतींत त्या जनुकाच्या किती), आणि प्रत्येक जनुक किती प्रमाणात एकाच ऊतीचं आहे हे मोजायचं असेल, तर टीस्पेक्स घ्या. नुसती जनुकांची यादी असेल, समजा प्रयोगातून दोनशे नावं वर आली आणि ती यकृताकडे झुकतात की वारेकडे (प्लेसेंटा) हे पाहायचं असेल, तर टिश्यूएनरिच घ्या. एखाद्या ऊतीत जनुक विशेष करून बंद पडलंय का, हा प्रश्न असेल तर रोकू. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण बहुतेकांचं भागत नाही. तीन साधनं एकाच जनुकाबद्दल तीन वेगवेगळी उत्तरं देतात, आणि मार्गदर्शकांनी 'मग खरं कोणतं?' असं विचारलं की विद्यार्थी गप्प होतो. म्हणून एकेका साधनाच्या आत काय चालतं, ते आकडे मांडूनच पाहू.

टाऊ आणि लॉगचा प्रश्न

सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं मापक टाऊ. २००५ साली इताई यानाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. जनुकाची प्रत्येक ऊतीतली पातळी त्याच्या सर्वोच्च पातळीने भागायची, तो भागाकार एकातून वजा करायचा, सगळ्या वजाबाक्यांची बेरीज घ्यायची आणि ऊतींच्या संख्येतून एक कमी करून त्याने भागायचं. उत्तर शून्य आलं तर जनुक सगळीकडे सारखं, एक आलं तर फक्त एकाच ऊतीत. लोझान विद्यापीठातल्या नादेझ्दा क्रियुचकोवा-मोस्ताच्ची आणि मार्क रॉबिन्सन-रेशाव्ही यांनी नऊ मापकं एकमेकांशी ताडून पाहिली. ती तुलना २०१७ मध्ये छापून आली आणि तीत टाऊच सर्वांत भरवशाचं ठरलं. तेव्हापासून बरेच जण डोळे झाकून टाऊ काढतात आणि ०.८ च्या वर गेलेलं सगळं 'ऊतिविशिष्ट' म्हणून टाकतात.

आता सहा ऊती घेऊ. एका जनुकाची पातळी यकृतात १०० टीपीएम आणि बाकी पाचांत १ टीपीएम आहे. सरळ आकड्यांवर टाऊ येतो ०.९९. त्याच आकड्यांत एक मिळवून लॉग घेतला तर तो ०.८५ होतो. दोन्हीकडे जनुक विशिष्टच ठरतं, त्यामुळे फरक डोळ्यांत भरत नाही.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. जीएपीडीएच हे घरकामाचं जनुक मानलं जातं, सगळ्या पेशींना लागणारं. पण कंकाल स्नायूंत त्याची पातळी इतर ऊतींपेक्षा बरीच वर असते. हिशेबासाठी स्नायूत ५,००० टीपीएम आणि इतर पाचांत १,००० धरा. सरळ आकड्यांवर टाऊ येतो ०.८! म्हणजे शरीरातल्या प्रत्येक पेशीला लागणारं जनुक उंबरठ्यावर येऊन 'स्नायूचं खास जनुक' म्हणून उभं राहिलं. लॉग घेतला की तोच टाऊ ०.१९ वर येतो, आणि ते उत्तर जीवशास्त्राला धरून आहे. लॉगचा पाया दोन की दहा, याने काहीच बिघडत नाही. भागाकार करताना तो उडून जातो. मिळवलेला एक मात्र उडत नाही, म्हणून टीपीएमच्या जागी दुसरं एकक आलं की आकडे हलतात.

माझं मत स्पष्ट आहे: आरएनए-सीक्वेन्सिंगचे आकडे असतील तर लॉग घेऊनच टाऊ काढा. लोझानच्या तुलनेतही लॉग घेतलेलाच आहे.

टीस्पेक्स

ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये आणलेलं हे पायथन पॅकेज आहे. टाऊ, जिनी, शॅनन एंट्रॉपीवर आधारलेलं मापक, टीएसआय, झेड-स्कोर, एसपीएम, जेन्सन-शॅनन अशी डझनभर मापकं एकाच ठिकाणी मिळतात. पिपने बसतं, टर्मिनलवरून एका ओळीत चालतं, आणि ज्युपिटरमध्ये उघडलं तर हिस्टोग्राम आणि हीटमॅपही काढून देतं. साध्या लॅपटॉपवर हजारो जनुकांचा तक्ता सहज निघतो. स्वतःच्या पिकाचा, कीटकाचा किंवा माशाचा डेटा असणाऱ्यांसाठी याहून सोयीचं काही माझ्या पाहण्यात नाही, कारण त्याला माणूस-उंदीर असं बंधन नाही. तक्ता दिला की झालं.

पण दोन ठिकाणी सावध राहा. पहिलं म्हणजे लॉगचा पर्याय मुळात बंद असतो, तो आपण चालू करायचा. लोझानची तुलना वाचून टाऊ निवडायचा आणि टीस्पेक्स आहे तसं चालवायचं, म्हणजे तुलनेत जिंकलेलं मापक वापरलंच जात नाही. जीएपीडीएच तिथेच आत शिरतं.

दुसरं झेड-स्कोरचं, म्हणजे एका ऊतीतली पातळी सरासरीपासून किती प्रमाण-विचलनं दूर आहे त्या आकड्याचं. 'तीनच्या वर म्हणजे विशिष्ट' असा नियम अनेक लेखांत दिसतो. पण गणिताप्रमाणे झेड-स्कोर किती वर जाऊ शकतो हे ऊतींच्या संख्येवर बांधलेलं असतं. सहा ऊती असतील तर जनुक फक्त एकाच ऊतीत असलं, बाकी सगळीकडे शून्य असलं, तरी झेड-स्कोर २.०४ च्या पुढे जात नाही. तीन ओलांडायला किमान अकरा ऊती लागतात. मूळ, खोड, पान, फूल, शेंग आणि बी एवढाच डेटा असताना हा नियम लावला तर एकही विशिष्ट जनुक सापडणार नाही, आणि डेटाच वाईट आहे असं वाटत राहील. टीस्पेक्स मुळात सगळी मापकं शून्य ते एकच्या पट्टीवर आणून देतं, त्यामुळे तिथे 'तीन' हा आकडा शोधूही नका.

आणखी एक मर्यादा टाऊचीच आहे: जनुक कोणत्या ऊतीचं, हे तो सांगत नाही. त्यासाठी टीएसआयसारखं एकच शिखर पाहणारं नव्हे, तर एसपीएम किंवा जेन्सन-शॅननसारखं प्रत्येक ऊतीला वेगळा आकडा देणारं मापक सोबत चालवा.

टिश्यूएनरिच

आयोवा स्टेट विद्यापीठातल्या आशिष जैन आणि गीतू तुतेजा यांचं हे आर पॅकेज २०१९ मध्ये आलं, बायोकंडक्टर या जीवशास्त्रासाठीच्या आर पॅकेजांच्या भांडारात मिळतं. याचा बाज वेगळा. इथे सलग आकडा नाही, वर्ग आहेत. एका ऊतीत इतर प्रत्येक ऊतीपेक्षा किमान ५ पट जास्त असेल तर एक वर्ग, दोन ते सात ऊतींचा गट मिळून बाकीच्यांपेक्षा ५ पट वर असेल तर दुसरा, आणि बाकीच्यांच्या सरासरीपेक्षा ५ पट असेल तर तिसरा. हे नियम माणसाच्या ऊतींतली जनुकं आणि प्रथिनं नोंदवणाऱ्या ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलसचे आहेत. मग तुमच्या यादीत यकृताची जनुकं योगायोगापेक्षा जास्त आहेत का, हे हायपरजॉमेट्रिक चाचणीने तपासून पी-मूल्य मिळतं.

गटाचा वर्ग ही याची मोठी जमेची बाजू. टीएनएनसी१ हे जनुक हृदयात आणि संथ कंकाल स्नायूंत, दोन्हीकडे चालतं. सहांपैकी दोन ऊतींत सारखं आणि बाकी शून्य असं धरलं तर टाऊ ०.८ येतो, पण त्या आकड्यावरून 'दोन ऊतींचं जनुक' हे कळायला मार्ग नाही. टिश्यूएनरिच तेच नेमकं सांगतं.

उलट, मघाचं काल्पनिक जीएपीडीएच इथे सरळ फसवतं: ५,००० आणि १,००० म्हणजे बरोबर ५ पट, आणि नियमाप्रमाणे ते स्नायूचं ठरलं. पटीचा नियम पातळी किती मोठी आहे हे पाहतच नाही, १ टीपीएमची किमान अट ओलांडली की पुढे फक्त गुणोत्तर. अ‍ॅटलसच्या संकेतस्थळावर आता ४ पटीचा नियम आहे, पॅकेजमध्ये ५ पटीचा. त्यामुळे संकेतस्थळावर 'यकृतसमृद्ध' दिसणारं जनुक पॅकेजच्या यादीत नसेल, तर गोंधळून जाऊ नका.

तुमची यादी ज्याच्याशी ताडली जाते तो संदर्भ डेटा निवडताना आपली ऊती त्यात आहे ना, हे आधी पाहा. वारेवर काम करणाऱ्यांनी जीटेक्स (माणसाच्या ऊतींतल्या जनुकपातळ्यांचा सार्वजनिक साठा) निवडून उपयोग नाही, तिथे वार नाहीच. ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलसमध्ये आहे. आणि पार्श्वभूमीची जनुकं, म्हणजे ज्यांतून तुमची यादी निघाली ती सगळी, स्वतः द्या. तुमच्या प्रयोगात दिसूच शकत नव्हती अशी जनुकं पार्श्वभूमीत राहिली तर पी-मूल्यं विनाकारण देखणी येतात.

रोकू, आणि एकपेशीय डेटाबद्दल थोडं

रोकू २००६ मध्ये कोजी कादोता आणि सहकाऱ्यांनी मांडलं, आज ते टीसीसी या बायोकंडक्टर पॅकेजमध्ये आहे. ते आधी जनुकाची मधली पातळी वजा करतं, मग एंट्रॉपी (पातळी ऊतींमध्ये किती पसरलेली आहे याचं माप) काढतं आणि प्रत्येक ऊतीला १, ० किंवा उणे १ असा शेरा देतं. उणे १ म्हणजे इतरत्र चालू असलेलं जनुक इथे खाली गेलंय. ही बाजू टाऊला दिसतच नाही. पण पायाची पातळी वजा होत असल्यामुळे सगळीकडे भरपूर असणारं जनुक एका ठिकाणी थोडं वर गेलं तरी ते विशिष्ट ठरू शकतं. एकट्या रोकूवर मी निष्कर्ष काढणार नाही, टाऊच्या जोडीला मात्र तो छान आहे.

एकपेशीय, म्हणजे एकेका पेशीचा वेगळा मोजलेला डेटा असेल तर यातलं काहीच न घेता सेलेक्स या साधनाकडे वळा. ते चार मापकं एकत्र करून प्रत्येक पेशीप्रकारासाठी शून्य ते एकमधला आकडा देतं. तिथे शून्यांचा पाऊस असतो आणि साधा टाऊ त्यात वाहून जातो.

ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. जीटेक्सच्या आठव्या आवृत्तीत ५४ रकाने आहेत, आणि त्यांतले १३ मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचे. एखादं जनुक या तेराही भागांत सारखं चालतं आणि मेंदूबाहेर कुठेच नाही, असं धरा. मेंदूचं म्हणावं तर याहून शुद्ध जनुक नाही. टाऊ येतो ४१ भागिले ५३, म्हणजे ०.७७. ०.८ ची चाळणी लावली की हे जनुक गळालं! आता ते तेरा भाग एकत्र करून 'मेंदू' असा एकच रकाना करा. रकाने ४२ झाले आणि टाऊ नेमका १ आला. इथे साधन तेच आहे, सूत्र तेच आहे. पटीचा नियम तर त्याहून कडक: मेंदूचे भाग एकमेकांशीच स्पर्धा करतात, तेरा असल्याने गटाच्या वर्गातही बसत नाहीत, आणि कोणीच ५ पट वर जात नाही.

म्हणून सॉफ्टवेअर बसवण्याआधी कागद घेऊन ठरवा की तुमच्या प्रश्नासाठी कोणत्या ऊती एक आणि कोणत्या वेगळ्या. सेरेबेलम या मेंदूच्या एकाच भागावर काम असेल तर भाग वेगळे राहू द्या. यकृताची जनुकं हवी असतील तर मेंदू एकत्र करा, त्वचेचे दोन रकाने एकत्र करा, आणि पेशी-संवर्धनाचे दोन रकाने बाजूला काढा.

दुसरा धोका डेटातल्या गळतीचा. जीटेक्समध्ये स्वादुपिंडाची पीआरएसएस१, पीएनएलआयपी अशी प्रचंड पातळीची जनुकं इतर ऊतींच्या नमुन्यांतही थोडी थोडी दिसतात, आणि ती प्रयोगशाळेत नमुन्यांच्या झालेल्या सरमिसळीमुळे आहेत हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. लॉग घेतला की असे छोटे आकडे मोठे दिसतात आणि अस्सल स्वादुपिंडाच्या जनुकाचा टाऊ खाली येतो. लॉग घ्या असं मी वर म्हटलं, त्याची ही किंमत आहे. उपाय असा की प्रत्येक ऊतीचा मध्यक (मीडियन) वापरा, आणि १ टीपीएमखालचे आकडे लॉगआधी शून्य करा. जीटेक्स मध्यकांची तयार फाइल देतं, ती सगळ्या नमुन्यांच्या फाइलीच्या मानाने अगदीच लहान आहे.

तक्ता तयार झाला की पूर्ण चालवण्याआधी तीन नावं तपासा: इन्सुलिनचं आयएनएस, अल्ब्युमिनचं एएलबी आणि जीएपीडीएच. पहिली दोन एकच्या जवळ आणि तिसरं तळाशी यायला हवं. जीएपीडीएच वर चढलेलं दिसलं तर लॉगचा पर्याय तपासा, आयएनएस खाली आलेलं दिसलं तर मध्यक आणि गळती तपासा. आणि पद्धतींच्या प्रकरणात 'टाऊ काढला' एवढंच लिहून थांबू नका. कोणत्या ऊती एकत्र केल्या, लॉगआधी किती मिळवलं, शून्य कुठे केलं आणि पॅकेजची आवृत्ती कोणती, या चार गोष्टी लिहा. त्यांच्याशिवाय तुमचा ०.८ दुसऱ्या कोणालाही पुन्हा काढता येणार नाही.