स्पर्शाचे टेबल उत्तम, उताराची फळी धोक्याची: सांगलीतील एका प्रदर्शनाचे परीक्षण

सांगलीत सध्या भरलेल्या एका चित्र-शिल्प प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘दिव्यांग रसिकांसाठी सर्व सोयी उपलब्ध’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. मी व्हीलचेअर वापरतो आणि माझ्यासोबत आलेले स्नेही, निवृत्त संगीतशिक्षक, पूर्णपणे दृष्टिहीन आहेत; त्यामुळे चित्रांच्या दर्जाविषयी जाणकारांनी लिहावे, मी त्या एका ओळीपुरते लिहितो.

प्रवेशद्वाराशी तीन पायऱ्या असून त्यांची एकूण उंची दीड फूट भरते. उतारासाठी 1:12 (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) हे प्रमाण सर्वत्र धरले जाते, म्हणजे येथे अठरा फूट लांबीचा रॅम्प हवा होता. प्रत्यक्षात पायऱ्यांवर जेमतेम आठ फुटांची प्लायवुडची फळी टाकलेली होती आणि तिला कठडाही नव्हता. ‘काका, आम्ही आहोत ना’ असे म्हणत दोन कार्यकर्त्यांनी मला मागून रेटत वर नेले. त्यांच्या आपुलकीविषयी तक्रार नाही. पण ज्या रसिकाला एकट्याने यायचे आहे, त्याने काय करावे?

दालनात चित्रांचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर ठेवलेला आहे. बसलेल्या माणसाची नजर साधारण चार फुटांवर असते, आणि त्या उंचीवरून जलरंगांच्या बऱ्याच चित्रांत काचेवर पडलेले छताचे दिवेच अधिक दिसतात. ब्रेल पट्ट्यांची गत याहून वाईट आहे. त्या टिकाव्यात म्हणून त्यांचे लॅमिनेशन केले गेले आणि त्या दाबाखाली टिंबे सपाट झाली. ब्रेलचे अक्षर सहा टिंबांच्या जागेत बसते. त्यातले एखादे दबले तरी अक्षर बदलते. शिवाय पट्ट्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला चिकटवल्याने मनगट उलटे वळवावे लागत होते. दोन पट्ट्या चाचपून सरांनी हात खाली घेतला आणि ‘कागद गुळगुळीत आहे, चांगल्या प्रतीचा असावा’ एवढाच अभिप्राय दिला.

याच प्रदर्शनात कोपऱ्यातील एका टेबलावर सांगलीतील कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाचे टेराकोटातील उठावशिल्प ठेवलेले आहे, आणि केवळ त्यासाठी मी लोकांना तिकडे जायला सांगेन. 1929 मध्ये खुल्या झालेल्या या पुलाच्या कमानी बोटांनी एकेक मोजता येतात. एका खांबावर इशारा पातळीची 40 फुटांची व धोका पातळीची 45 फुटांची रेघ उठावात आहे, आणि त्यांच्या बरीच वर, 57 फुटांच्या पुढे, 2019 च्या महापुराची खरबरीत रेघ आहे. सरांचा हात खालच्या दोन रेघांवरून वर सरकत गेला. ‘तेव्हा रेडिओवर आकडे ऐकत होतो; त्या आकड्याची उंची आज हाताला कळली,’ असे ते म्हणाले. शिल्पकाराकडे चौकशी केली तेव्हा समजले की कच्चा नमुना अंध विद्यार्थ्यांच्या हाती देऊन पाहिला होता. पाण्याच्या लाटा आणि दगडी बांधकाम यांत त्यांची गल्लत होऊ लागल्यावर लाटा काढून टाकण्यात आल्या. ब्रेल पट्ट्याही कोणा वाचणाऱ्याच्या बोटांखालून आधी गेल्या असत्या, तर लॅमिनेशनचा घोळ छापखान्यातच उघड झाला असता.

क्यूआर कोडवरील ध्वनिमुद्रण केवळ चित्राचे नाव आणि माध्यम सांगते. त्यापेक्षा तेथील एका विद्यार्थिनीने तोंडी केलेले वर्णन कितीतरी सरस होते: घाट डावीकडे, नाव पाठमोरी, पाण्याचा रंग चहासारखा. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी उद्घाटनाच्या भाषणांपुरताच होता. शिल्पकारांच्या चित्रफितीला उपशीर्षके नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 29 मध्ये कला दिव्यांगांसाठी सुगम करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ या दालनात प्रतिकृती हाताळायला मिळतात. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्री भवानी संग्रहालयात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता-बालक शिल्प आहे. त्याची हाताळण्याजोगी प्रतिकृती कोणी करून ठेवली, तर सरांना घेऊन औंधला जायला मी एका पायावर तयार आहे. (हा वाक्प्रचार माझ्या तोंडी शोभत नाही, पण असो.)

एक उपयुक्त माहिती: चित्रांच्या पेट्या आत नेण्याचा सभागृहाचा मागचा दरवाजा रस्त्याच्या पातळीवर आहे. तो कुलूपबंद असतो, पण मागणी केल्यावर उघडून देतात आणि परतताना मी त्यातूनच बाहेर पडलो. व्हीलचेअरवरून येणाऱ्यांनी निमंत्रणपत्रिकेवरील क्रमांकावर आधी फोन करून तो उघडून ठेवायला सांगावे.