इंजिन बंद ठेवून दाखवलेले 12.2 व्होल्ट

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेली आमची सात वर्षांची पेट्रोल गाडी सोमवारी सकाळी सुरूच झाली नाही. सेल्फ मारला की नुसता टकटक आवाज येई आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत. घराजवळच्या गॅरेजच्या मालकाला बोलावले, तेव्हा त्याने मीटर न लावताच बॅटरी संपल्याचे सांगितले, 35 अँपिअर-अवरची नवी बॅटरी 5,200 रुपयांना बसवली आणि जुनी सोबत नेली. जुन्या बॅटरीतील शिशाला भंगारात किंमत असल्यामुळे विक्रेते ती रक्कम सहसा नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करतात, हे मला ठाऊक नव्हते. त्याहून वाईट म्हणजे त्या बॅटरीचे वॉरंटी कार्ड घरातल्या फायलीतच होते आणि तिची मुदत संपायला आठ महिने बाकी होते. ते कार्ड मी काढून पाहिले असते, तर पहिले पैसे बहुधा गेलेच नसते.

रोज गाडी चालत होती तोवर काही जाणवले नाही. गणपतीसाठी आम्ही रेल्वेने कोकणात गेलो आणि पाच दिवसांनी परतलो, तर गाडी पुन्हा बंद. या वेळी त्याने ती गॅरेजमध्ये नेली, बॅटरी चार्ज केली आणि मला मुद्दाम बोलावून घेतले. बॅटरीच्या दोन्ही टोकांना मीटरच्या तारा लावल्या, डॅशबोर्डवरचे दिवे लागतील एवढीच किल्ली फिरवली आणि मीटर माझ्यापुढे धरून म्हणाला, “मॅडम, इथे चौदा पाहिजेत. बारा पॉइंट दोनच येताहेत. अल्टरनेटर गेलाय.”

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा, कारण इथे मीटर खरे बोलत होते आणि माणूस खोटे बोलत होता. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे जनित्र, इंजिनच्या पट्ट्यावर फिरते, त्यामुळे 13.8 ते 14.5 व्होल्ट हा आकडा इंजिन चालू असतानाच मिळतो. इंजिन बंद असताना मीटर फक्त बॅटरीचा दाब दाखवते. पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेल्या बॅटरीवर तो साधारण 12.6 असतो आणि किल्ली फिरवून दिवे लावले की आणखी थोडा उतरतो. म्हणजे त्या स्थितीत जगातल्या कोणत्याही निरोगी गाडीवर चौदा आले नसते. मला हे माहीत नव्हते आणि डोळ्यांसमोर आकडा दिसत असल्यामुळे शंका घ्यावीशीही वाटली नाही. ‘नवा अल्टरनेटर’ बसवल्याचे 9,800 रुपये मी त्याच संध्याकाळी दिले.

ऑक्टोबरमध्ये गाडी चार दिवस उभी राहिली आणि तोच प्रकार झाला. आता त्याचे निदान होते, ‘ईसीएम (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) करंट खातोय’, आणि खर्च होता 28,000 रुपये. तेव्हा मात्र मी थांबले आणि आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, एसटीच्या कार्यशाळेतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेल्या काकांकडे गेले. त्यांनी साधे डिजिटल मल्टिमीटर आणायला सांगितले. ते मला 450 रुपयांना मिळाले.

बॅटरी चार्ज करून इंजिन सुरू केल्यावर मीटरने 14.2 दाखवले. नवा अल्टरनेटर आहे म्हणूनच एवढे येत असतील, असे मी म्हणाले, तर काकांनी टॉर्चचा प्रकाश खाली धरून मला अल्टरनेटरचे नट दाखवले. ते गंजलेले होते आणि त्यांच्या कडांवर जुना चिखल वाळून घट्ट बसला होता. “पाना लागला असता तर कडा चमकल्या असत्या गं,” एवढेच ते म्हणाले. अल्टरनेटर जागचा हललाच नव्हता. वरून फक्त चंदेरी रंग मारला होता. त्या नटांचे फोटो मी लगेच काढून ठेवले.

मग उभ्या गाडीत वीज जाते कुठे, ते शोधायचे होते. बॅटरीची ऋण टोकाची तार सोडवून ती आणि टोक यांच्यामध्ये मीटर जोडले. त्यासाठी लाल तार मीटरच्या 10 अँपिअरच्या छिद्रात घालावी लागते. तशी ठेवून मीटर चुकूनही बॅटरीच्या दोन टोकांना लावायचे नाही आणि मीटर जोडलेले असताना सेल्फ मारायचा नाही, हे काकांनी मला दोनदा बजावले. गाडी लॉक करून आम्ही अर्धा तास थांबलो, कारण आतली नियंत्रणे पूर्ण झोपी जायला वेळ घेतात. त्यानंतर साधारणपणे 0.05 अँपिअरहून कमी वीज जायला हवी. आमच्या मीटरवर 0.44 होते. बॉनेटखालच्या पेटीतला एकेक फ्यूज काढून पाहताना आतल्या दिव्यांचा 10 अँपिअरचा लाल फ्यूज निघाला आणि आकडा 0.03 वर आला.

आतले दिवे तर सगळे विझलेले दिसत होते. काकांनी फोनवर चित्रीकरण सुरू करून तो डिकीत ठेवायला सांगितले आणि डिकी बंद केली. चित्रीकरणात डिकीचा 5 वॅटचा दिवा अखंड जळत होता. कुलुपातला छोटा स्विच अडकला होता. 0.44 अँपिअर म्हणजे तीन दिवसांत 30 अँपिअर-अवरहून अधिक, म्हणजे नव्या बॅटरीचीही जवळजवळ सगळी वीज. स्विच साफ करून त्यात थोडा स्प्रे मारला आणि काम झाले. खर्च शून्य.

गॅरेजमालकाने पैसे परत करायला नकार दिला. माझ्याकडे पक्के बिल नव्हते, लेटरपॅडवर लिहिलेले ‘एस्टिमेट’ होते, ज्यावर सुट्या भागाचा क्रमांकही नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण तिथे फक्त समजुतीने तडजोडीचा प्रयत्न होतो आणि समोरच्याने प्रतिसादच दिला नाही. आता 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही. अर्जाला यूपीआयने दिलेल्या पैशांच्या नोंदी, ते एस्टिमेट, जुन्या बॅटरीचे कार्ड आणि गंजलेल्या नटांचे फोटो जोडले आहेत. जुनी बॅटरी माझ्याकडे नाही, आणि त्या दिवशी बदललेला म्हणून सांगितलेला अल्टरनेटर मी मागून घेतला नव्हता. मागितला असता, तर द्यायला त्याच्याकडे काहीच नव्हते, हे तिथल्या तिथे उघड झाले असते.