उंदरांची चाल मोजणारी काचेची मार्गिका : जळगावात घडवून घेतलेल्या उपकरणाचे परीक्षण

मेरुरज्जूला इजा झालेल्या उंदरांची चाल मोजणारी परदेशी यंत्रे लाखांच्या घरात जातात आणि खान्देशातील बहुतेक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांच्या वार्षिक तरतुदीत ती बसत नाहीत. म्हणून आमच्या विभागाने जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्याकडून पारदर्शक मार्गिका बनवून घेतली. हा कारखाना एरवी दुकानांच्या पाट्या आणि काउंटर बनवतो. शैक्षणिक वर्षभराच्या वापरानंतर माझे मत असे की, उंदीर पाय टेकून चालू लागल्यावरच्या टप्प्यासाठी ही मार्गिका पैसे वसूल करून देते. त्याआधीच्या टप्प्यात तिचा काडीचाही उपयोग नाही.

रचना साधी आहे. अरुंद, लांबट पारदर्शक पट्टी, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आणि टोकाला उंदराच्या ओळखीचा भुसा घातलेली अंधारी पेटी. पट्टीच्या कडेतून हिरव्या एलईडीचा प्रकाश आत सोडला की संपूर्ण आंतरिक परावर्तनामुळे तो आतल्या आतच फिरत राहतो. जिथे पंजा टेकतो तेवढ्याच जागी तो बाहेर पडतो आणि खालच्या कॅमेऱ्याला काळ्या पार्श्वभूमीवर पंजाचा उजळ ठसा दिसतो. नेदरलँड्समधील नोल्डस कंपनीचे ‘कॅटवॉक’ याच तत्त्वावर चालते. या ठशांवरून पावलाची लांबी, मागच्या दोन पायांमधले अंतर, पंजा टेकलेला आणि हवेत असलेला वेळ, तसेच चारही पाय ठरावीक क्रमाने पडतात की नाही, हे सारे काढता येते. पंजांना शाई लावून उंदीर कागदावरून चालवण्याच्या जुन्या पद्धतीत लांबी मिळत असे, वेळ मात्र मिळत नसे.

कारखानदाराने पहिली पट्टी ॲक्रिलिकची दिली होती, आणि दिसायला ती झकास होती. परंतु एका उंदराचा वास दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येक फेरीनंतर पट्टी ७० टक्के अल्कोहोलने पुसावी लागते, आणि ॲक्रिलिकला अल्कोहोल मानवत नाही. काही आठवड्यांतच पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पसरले, प्रत्येक भेगेतून प्रकाश बाहेर पडू लागला आणि पडद्यावर पंजाचा ठसा कोणता व भेग कोणती हे ओळखणे अशक्य झाले. तक्रार करताच कारखानदार भाऊंनी खळखळ न करता जाड काच बसवून दिली आणि फक्त काचेचे पैसे घेतले, हे नमूद केले पाहिजे. काचेच्या कडा मात्र पॉलिश करूनच घ्याव्यात. खरखरीत कडेतून पुरेसा प्रकाश आत शिरत नाही.

सोबत मिळालेला कॅमेरा ही या उपकरणाची सर्वांत लंगडी बाजू आहे. तो सेकंदाला ३० चित्रे टिपतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे ३३ मिलिसेकंदांचे अंतर पडते. उंदराचा मागचा पाय उचलला जाऊन पुन्हा टेकेपर्यंत साधारण १०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे या संपूर्ण हालचालीची जेमतेम तीन चित्रे हाती येतात. सेकंदाला किमान १०० चित्रे घेणारा कॅमेरा वेगळा विकत घ्यावा आणि तो खर्च सुरुवातीलाच धरावा.

दुसरी अडचण उपकरणाची नसून प्राण्याची आहे. इजेनंतर उंदराचा मूत्राशयावरील ताबा जातो आणि दिवसातून दोनदा हाताने हलका दाब देऊन तो रिकामा करावा लागतो. हे काम फेरीच्या आधी झाले नाही तर काचेवर थेंबांची रेघ उमटते, आणि ओला थेंबही पंजाइतकाच चमकतो. त्याची गणना पाऊल म्हणून झाली की पुढचे सगळे आकडे वाया जातात. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे रद्द झालेल्या बहुतेक फेऱ्या याच कारणाने झाल्या.

सुरुवातीच्या टप्प्यात मार्गिका निरुपयोगी का, हे बीएमएस या, मागच्या पायांच्या चालीला गुण देणाऱ्या मोजपट्टीकडे पाहिले की कळते. संशोधक बासो आणि सहकाऱ्यांनी मोठ्या रॅटसाठी १९९५ मध्ये ० ते २१ गुणांची बीबीबी मोजपट्टी दिली, आणि छोट्या उंदरांसाठी २००६ मध्ये ० ते ९ गुणांची बीएमएस. उंदराला मोकळ्या रिंगणात चार मिनिटे सोडायचे आणि दोन प्रशिक्षित निरीक्षकांनी त्याचा घोटा, पंजा, धड व शेपूट पाहून गुण द्यायचे, अशी ती पद्धत आहे. घोटा अजिबात हलत नसेल तर शून्य. तळवा टेकून अधूनमधून पावले पडू लागली की ४. त्याखालचा उंदीर मागचे धड ओढत जातो आणि काचेवर पोटाचा व शेपटीचा लांबट हिरवा पट्टा तेवढा उमटतो. त्यातून काहीही मोजता येत नाही. तेव्हा पहिले काही दिवस रिंगण आणि दोन जोडी डोळे, आणि ५ च्या पुढे मार्गिका, अशी विभागणी करावी. इथेच मार्गिका खरी कामाला येते, कारण पायांचा ताळमेळ डोळ्यांनी ठरवताना निरीक्षकांमध्ये सर्वाधिक मतभेद होतात.

डोळ्यांच्या बाबतीत एक गंमत सांगतो. आमच्या प्राणिगृहातील सेवक मोठे जाणते आहेत. ‘‘सर, हाऊ आज बरा चालस,’’ असे ते पिंजरा उचलतानाच सांगतात, आणि औषध कोणत्या पिंजऱ्यात जाते हेही त्यांना ठाऊक असते. म्हणून गुण देणाऱ्याकडे उंदीर केवळ सांकेतिक क्रमांकाने गेला पाहिजे आणि पिंजरा आणणाऱ्याने त्या वेळी खोलीबाहेर थांबले पाहिजे.

उपकरणासोबत हिशेबाचा जो तक्ता मिळतो, तो नुसत्या सरासऱ्या काढतो आणि वेगाचा विचार करत नाही. उंदीर जितका वेगाने जाईल तितके त्याचे पाऊल लांब पडते. त्यामुळे औषधाने चाल सुधारली की तो उंदीर केवळ घाबरून पळाला, हे वेग नोंदवल्याशिवाय सांगता येत नाही. आम्ही तो तक्ता बाजूला ठेवला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘डीपलॅबकट’ ही मोफत प्रणाली वापरू लागलो. साधारण २०० चित्रांवर पंजा, घोटा, नितंब अशा खुणा हाताने केल्या की उरलेल्या चित्रांवर ती स्वतः खुणा करते, मात्र चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागतो. बाजूने चित्रण करताना गुडघ्याच्या खुणेवर विसंबू नये. तिथली कातडी हाडावरून सरकते, म्हणून मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या लांबीवरून गुडघ्याची जागा गणिताने काढावी लागते.

उन्हाळ्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच. प्राणिगृहाचे तापमान १८ ते २९ अंशांच्या आत ठेवावे लागते, आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर असताना चाचणीच्या खोलीतही वातानुकूलन नसेल तर उंदीर मार्गिकेच्या मध्येच बसून राहतो. एलईडीचा वीजपुरवठा करणारा डबा पट्टीखालीच बसवलेला आहे. तो बाहेर काढून घ्यावा, कारण त्याच्या उष्णतेने काचेचा एक भाग कोमट होतो आणि उंदीर नेमका तिथेच रेंगाळतो.

पक्के जीएसटी बिल मिळते, त्यामुळे लेखापरीक्षणात अडचण येत नाही. लेखी हमी मात्र मिळत नाही. ज्यांच्याकडे संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी, वेगवान कॅमेरा आणि प्रशिक्षित निरीक्षक आधीच आहेत, त्यांनी ही मार्गिका जरूर घ्यावी; निरीक्षक नसतील तर तोच पैसा आधी त्यांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा.