कॅनली : कॅनडाचे संघीय आणि प्रांतीय कायदे शेजारी ठेवून वाचण्याचे साधन

कॅनडात वकिली करू इच्छिणाऱ्या भारतीय विधी पदवीधरांना परदेशी विधी पदव्या तपासणाऱ्या नॅशनल कमिटी ऑन ॲक्रेडिटेशनची पायरी ओलांडावी लागते आणि तिच्या परीक्षांत कॅनडाचा घटनात्मक कायदा हा विषय चुकत नाही. या विषयाच्या अभ्यासात मी सर्वाधिक वापरले ते कॅनेडियन लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटचे, म्हणजे कॅनलीचे, संकेतस्थळ. कॅनडातील लॉ सोसायट्यांच्या (वकिलांचे नियमन करणाऱ्या संस्थांच्या) महासंघाने २००१ मध्ये ही ना-नफा संस्था उभी केली. तिचा खर्च मुख्यतः वकिलांच्या वर्गणीतून चालतो आणि वाचकाला एक डॉलरही मोजावा लागत नाही. संघराज्याचे, १० प्रांतांचे आणि ३ प्रदेशांचे कायदे व निवाडे एकाच शोधचौकटीतून हाती येतात, आणि माझ्या मते या साधनाचे खरे मोल याच रचनेत आहे.

याचे कारण कॅनडाच्या राज्यघटनेत आहे. १८६७ च्या घटना कायद्याचे कलम ९१ संघीय संसदेचे विषय सांगते, तर कलम ९२ प्रांतांचे. आपल्याकडे आहे तशी लांबलचक समवर्ती सूची तेथे नाही. शेती, स्थलांतर, निवृत्तिवेतन असे मोजकेच विषय दोघांकडे आहेत. तरीही प्रत्यक्ष व्यवहारात दोन्ही कायदे एकाच माणसावर, एकाच प्रसंगात लागू होतात, कारण एकाच कृतीला दोन बाजू असू शकतात. मद्यपान करून वाहन चालवणे हा संघीय फौजदारी संहितेखाली गुन्हा आहे. त्याच चालकाचा परवाना निलंबित करण्याचा अधिकार मात्र प्रांताच्या वाहतूक कायद्यातून येतो. हे दोन्ही कायदे वैध असतात आणि बहुतेक वेळा एकमेकांना अडवतही नाहीत. ते खरोखर परस्परांवर आदळतात तेव्हा न्यायालय संघीय कायद्याला श्रेष्ठत्व देते. प्रांतीय कायदा मात्र रद्द होत नाही; ज्या मर्यादेपर्यंत विसंगती आहे, तेवढ्यापुरताच तो निष्प्रभ ठरतो.

हे तत्त्व नीट समजून घ्यायचे असेल, तर कॅनलीवर २०१५ एससीसी ५१, ५२ आणि ५३ हे तीन निवाडा-क्रमांक (एससीसी म्हणजे कॅनडाचे सर्वोच्च न्यायालय) शोधावेत, असा माझा आग्रह आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१५ या एकाच दिवशी दिलेले हे निवाडे सलग वाचले, की जो विचार पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेदांत आटोपतो, तो पूर्ण उलगडतो. ५२ क्रमांकाच्या प्रकरणात ऑन्टॅरिओतील महामार्ग ४०७ च्या टोलचे सुमारे ३५ हजार डॉलर थकवलेला एक ट्रकचालक दिवाळखोरीतून कायदेशीररीत्या मुक्त झाला होता. संघीय दिवाळखोरी कायद्याचे कलम १७८(२) त्याला जुन्या देण्यांतून सोडवत होते, आणि महामार्गाविषयीच्या प्रांतीय कायद्याचे कलम २२(४) थकबाकी भरेपर्यंत त्याच्या वाहनाचा परवाना रोखून धरत होते. सुटलेले देणे परवान्याच्या मार्गाने वसूल करण्यापुरते ते प्रांतीय कलम निष्प्रभ ठरले. निकालावर एकमत होते, पण कारणांवर नव्हते. बहुमताला येथे दोन कायद्यांचा प्रत्यक्ष संघर्ष दिसला. न्यायमूर्ती कोटे यांच्या मते दोन्ही कायदे पाळणे शक्य होते, मात्र संघीय कायद्याचा हेतू विफल होत होता. ५१ क्रमांकाच्या, अल्बर्टातून आलेल्या प्रकरणाचा निकालही याच दिशेने गेला.

५३ क्रमांकात मात्र प्रांताची सरशी झाली. सस्कॅचेवानचा कायदा शेतकऱ्याच्या जमिनीबाबत कारवाई करण्यापूर्वी सावकाराला १५० दिवस थांबायला लावतो, तर दिवाळखोरी कायद्यातील सूचनेची मुदत केवळ १० दिवसांची आहे. संघीय तरतुदीचा हेतू अवास्तव रुंद करून संघर्ष शोधू नये, अशी भूमिका बहुमताने घेतली आणि दोन्ही कायदे शेजारी नांदू शकतात असे ठरवले. एकाच संघीय कायद्याविषयी, एकाच दिवशी दोन दिशांना गेलेले हे निकाल ताडून पाहण्यात जे शिक्षण आहे, ते कोणत्याही टिपणवहीत मिळणार नाही.

येथे कॅनलीची रचना फार उपयोगी पडते. निवाड्यातील कायद्याच्या उल्लेखावर टिचकी मारली की तो कायदा उघडतो. कायद्यातील एखाद्या कलमापासून त्याचा उल्लेख करणाऱ्या निवाड्यांची यादी मिळते आणि ती प्रांतानुसार गाळता येते. कलम १७८ घेऊन केवळ ऑन्टॅरिओचे निवाडे पाहिले, तर सर्वोच्च न्यायालयाचे तत्त्व खालच्या न्यायालयांत कसे वापरले जाते ते समोर येते. कौटुंबिक कायद्यात तर या सोयीवाचून काम चालणे अवघड आहे. घटस्फोट संघीय कायद्याने मिळतो, पण संपत्तीची विभागणी प्रांतीय कायद्याने होते. ऑन्टॅरिओत लग्न न करता एकत्र राहिलेल्या जोडीदाराचा पोटगीचा दावासुद्धा प्रांतीय कायद्याखालीच चालतो. त्यामुळे अशा प्रकरणांत वकिलाला दोन्ही संहिता उघड्या ठेवूनच बसावे लागते.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. उल्लेखांची यादी मिळाली तरी नंतरच्या न्यायालयाने तो निवाडा स्वीकारला की आपल्यापुढचे प्रकरण वेगळे म्हणून तो लागू केला नाही, हे ज्याचे त्याने वाचूनच ठरवावे. जुने प्रांतीय निवाडे सगळे उपलब्ध नाहीत. क्वेबेकचे बहुतांश निवाडे फ्रेंचमध्ये आहेत, आणि त्या प्रांतात खासगी कायद्याचा पाया इतर प्रांतांसारखा इंग्लिश कॉमन लॉचा नसून नागरी संहितेचा असल्यामुळे फ्रेंच न येणाऱ्याची अडचण केवळ भाषेपुरती राहत नाही. न्यायालयात कलम उद्धृत करायचे असल्यास संघीय कायद्यासाठी न्याय विभागाचे आणि ऑन्टॅरिओसाठी ई-लॉज हे अधिकृत संकेतस्थळ पाहून शब्द न् शब्द पडताळावा. तसे करताना आजची आवृत्ती न घेता वादातील घटनेच्या तारखेला लागू असलेली आवृत्ती निवडावी, कारण संघीय आणि प्रांतीय कायद्यांतील दुरुस्त्या एकाच दिवशी अमलात येत नाहीत.