शीळकरी की नारिंगी डोक्याचा कस्तूर?

सावंतवाडीला एकच दिवस येणाऱ्या भाच्याचा प्रश्न: शीळकरी आणि नारिंगी डोक्याचा या दोन कस्तूर पक्ष्यांपैकी कुठला बघू?

शीळकरी पावसाळ्यात आंबोलीच्या ओढ्याधबधब्यांपाशी. पहाटे अंधारातच त्याची शीळ सुरू होते, थेट माणसासारखी. मी दोनदा मागे वळून पाहिलंय! निळसर काळा, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा. नारिंगी डोक्याचा सावलीच्या वाडीत (बागेत) पाचोळा उलटत बसतो. गळा पांढरा, गालावर दोन काळे पट्टे.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत दोघेही 'कमी चिंतेचे'. (नावं सारखी, पण शीळकऱ्याला आता माशीमारांच्या कुळात धरतात.) एकाला ओढा लागतो, दुसऱ्याला पाचोळा.

पहाटे उठणार असशील तर आंबोली गाठ. फोटो हवा, चालणं नको, तर वाडीतच थांब. झाडलोट केलेली मात्र नको.